गोंदणबेटाचा हुंकारा

हिवरधऱ्याच्या कापूस वेचणाऱ्या बायांपैकी एकीनंही समुद्र पाहिला नव्हता, पण समुद्राबद्दल त्यांना कुणी शिकवायला जाऊ नये. त्यांनी पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातली पैनगंगा, आणि आदिलाबादला दवाखान्यात जायची वेळ आलीच तर वाटेतलं मावल्याचं तळं. तरीही समुद्राच्या काठी लुगडं वाळत घातलं की झटकून भाजीपुरतं मीठ निघतं, पाणी चढायच्या आधी तो रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा आवाज करतो, आणि त्याच्या मधोमध गोंदणबेट आहे, हे त्या तुम्हाला छातीठोक सांगतील. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात हे बेट नाही. त्याला कोण काय करणार? त्या पुस्तकात हिवरधराही नाही.

बेट सांगितलं बयनाबाईनं. बौद्ध वस्तीतल्या दहा-बारा बाया उद्धवरावांच्या शेतात वेचणीला जायच्या, त्यांत ती सगळ्यात मोठी. वय नक्की माहीत नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "पुराच्या वर्सी मी आठ वर्सांची होती." कोणता पूर, ते कुणी विचारलं नाही, म्हाताऱ्या माणसांना आपापले पूर असतात. उद्धवरावांच्या घरची सीतादहीची पूजा झाली, पहिली बोंडं घरात गेली, की दुसऱ्या दिवशी बाया शेतात उतरायच्या आणि पऱ्हाटीच्या पहिल्या तासातच, म्हणजे पहिल्या ओळीतच, बयनाबाई बेटावर पोचलेली असायची. असे सतरा हंगाम झाले होते.

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे लहान लेकरालाही ठाऊक असतं. पहिल्या वर्षी गयाबाईनं तसं बोलून दाखवलं होतं. गयाबाईच्या तोंडाला कुलूप नाही, कधी नव्हतंच. बयनाबाई हसून म्हणाली, "माह्या लेकरांचा मामा कवाच वाट चुकला वं. आता दिवसा सांगो का सांजंले सांगो, काय फरक पडते?" बायांना तो विनोद वाटला.

बेटाचा नकाशा बयनाबाईच्या अंगावरच होता. डाव्या हातावर कोपरापाशी हिरवे पाच ठिपके, त्या पाच टेकड्या. टेकड्या एकमेकींच्या जावा, आणि जावांसारख्याच एकमेकींशी बोलत नाहीत. थोरली, मधली, अबोली, रुसकी आणि धाकटी. त्यांच्या अबोल्यातून जो वारा वाहतो त्यावर बेटाची होडी चालते. ठिपक्यांपासून मनगटाकडं उतरणारी वाकडी रेघ म्हणजे शेवंती नदी. मनगटाजवळ ठिपक्यांचं गोल कडं, ते गाव. अंगठ्याच्या बेचक्यात विंचू गोंदलेला होता. तो बेटावरही विंचूच होता, आणि खोटं बोलणाऱ्यालाच चावायचा.

आता गोष्ट म्हटली की हुंकारा आला. सांगणारी सांगते आणि ऐकणाऱ्यांतली एक 'हं' म्हणते, नाहीतर गोष्ट पुढं सरकत नाही. या टोळीत हुंकारा द्यायचा मान ताराबाईचा होता. ताराबाई म्हणजे चाळिशीची, काटक, नवऱ्यामागं एकटीनं दोन पोरी उजवलेली, आणि स्वभावानं तुरटीच्या खड्यासारखी. तिनं हुंकाऱ्याचा कायदा केला होता. पटलं तर 'हं'. नाही पटलं तर गप्प. ती गप्प बसली की बयनाबाईनं मागं जाऊन ते पुन्हा सांगायचं, नीट बसेपर्यंत. एकदा 'हं' पडला की ते बेटावर कायमचं झालं, मग खुद्द बयनाबाईलाही ते मोडता येत नसे.

शेवंती नदी गोल गावाला वळसा घालते, प्रत्येकाच्या दारावरून जाते आणि मग समुद्राला मिळते, असं बयनाबाईनं दुसऱ्या वर्षी सांगितलं. बायांना फार आवडलं. ताराबाई गप्प.

"का झालं वं?" बयनाबाईनं विचारलं.

"पयल्या घरचं खरकटं शेवटच्या घरी जाईन," ताराबाई म्हणाली. "मी नाई देत हुंकारा."

ताराबाईचं घर वस्तीतलं शेवटचं. त्याच्यापुढं नाला, आणि नाल्यात अख्ख्या गावाचं धुणं, गुरं आणि काय काय. तिला वरच्या घरांचं पाणी कसं येतं ते कुणी सांगायला नको होतं. बयनाबाईनं अर्धा तास मुकाट्यानं वेचलं. मग म्हणाली, "मंग वर्साले एक घर सरकायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी समद्या गावानं आपलं घर सोडायचं अन् बाजूच्या घरात जायचं. निंगताना चूल पेटती ठेवाची, रांजन भरून ठेवाचा, भिताडाले नवं पोतेरं द्याचं. कोनाचंच घर पयलं नाई, कोनाचंच शेवटचं नाई."

ताराबाईनं त्या दिवशी दिलेला 'हं' शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसलेल्या उद्धवरावांनाही ऐकू गेला होता.

असं ते बेट वाढलं. तिथं लेकराचं नाव बारशाला ठेवत नाहीत. ते पहिला शब्द बोलतं तेच त्याचं नाव. म्हणून बेटावर 'दे' नावाचा कोळी आहे, 'उचल' नावाची सुईण आहे आणि 'आनखी' नावाचा एक खादाड म्हातारा आहे. तिथं सगळं गाव एका हंड्यात रांधतं. आणि थोरल्या टेकडीवर एक दिवा आहे, तो कधी विझू द्यायचा नाही, कारण पाण्यातून अजून कुणीतरी यायचं आहे. कोण यायचं आहे, हे ताराबाईनं शंभरदा विचारलं असेल. "यायचा तो येईन," एवढंच उत्तर मिळायचं. आणि त्यावर 'हं' द्यावाच लागायचा, कारण त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

एका वर्षी बयनाबाईनं बेटावर पटेल, म्हणजे गावचा पाटील, आणला. ताराबाई सकाळपासून भाकर खाईपर्यंत गप्प. "गोल गावात पटेल बसंन कुठं?" तिनं शेवटी विचारलं. तेव्हा बयनाबाईनं पटेलाचा खेकडा केला. तो अजून किनाऱ्यावर तिरपा तिरपा चालत हुकूम सोडतो आणि त्याला कुणी विचारत नाही. उद्धवरावांच्या घरात तीन पिढ्यांची पटेलकी, पण धुऱ्यावरच्या पळसाखाली सगळ्यात जास्त तेच हसले. यंदा सरकारनं पटेल-पटवारी खरोखरच मोडीत काढले, तेव्हा गयाबाई गावभर सांगत सुटली की आमच्या बयनाबाईनं तो हुकूम आधीच काढला होता.

तर त्याच वर्षीची ही गोष्ट. हंगाम चांगला होता, बोंडं टपोरी फुटली होती, आणि बयनाबाई विसरू लागली होती.

आधी बारीकसारीक. भाकरीचं फडकं घरी राहिलं. गयाबाईला तिच्या मेलेल्या आईच्या नावानं हाक मारली. टोळीत नवी आलेली रुख्मिणी, यवतमाळकडून लग्न होऊन आलेली सातवी शिकलेली सून, तिला तर ती रोज नव्यानं विचारायची, "तू कोनाची वं?" रुख्मिणी रोज तितक्याच गोडीनं सांगायची. आणि मग एका दुपारी बयनाबाई हात वर करून म्हणाली, "शेवंती गावातून निंगते, अन् वरतं टेकड्याइकडे जाते."

ताराबाईचा हुंकारा ओठांवर होता, तो तिथंच थांबला.

बयनाबाई नेहमीसारखी हसली आणि मागं गेली. पुन्हा तेच सांगितलं. नदी गावातून वर जाते. तिसऱ्यांदाही तेच. मग तिनं डावा हात डोळ्यांजवळ धरला, कोपराकडून मनगटाकडं पाहिलं, मनगटाकडून कोपराकडं पाहिलं. रेघ तिला सापडत होती, पण तिचं तोंड कोणतं आणि शेपूट कोणतं ते सापडत नव्हतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या हातावर पदर ओढून घेतला. उरलेली दुपार बोंडातून कापूस निघाल्याचा तेवढा आवाज येत राहिला.

परत येताना गयाबाईनं ताराबाईला गाठलंच. "एक हं देल्ला असता तं तुह्यं काय जात होतं?"

"उद्या ते म्हनंन बेटावर शेवटचं घर असते," ताराबाई म्हणाली. "मंग त्यालेबी देऊ?"

बोलायला बोलली, पण तिला आतून लागलं होतं. नियमाला धरून वागणाऱ्या माणसाचं हेच असतं; नियम बरोबर ठरतो आणि माणूस जिवाला खात बसतं. बयनाबाई दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, आपली पात धरली आणि तोंडातून अक्षर न काढता वेचत राहिली. चौथ्या दिवशीही तेच. टोळीचा हात मंदावला. धुऱ्यावर उद्धवराव उगीचच दोनदा उठले आणि दोनदा बसले.

पाचव्या दिवशी ताराबाईनं मुद्दाम बयनाबाईच्या शेजारचं तास घेतलं. बराच वेळ वेचल्यावर खाली बघतच म्हणाली, "मावशी, नदी वरतं जात असंन. माहंच चुकलं. हं."

बयनाबाईचे हात थांबले नाहीत. "म्हातारीले भीक देऊन राह्यली का तारे?"

"तसं नाई मावशी."

"तसंच हाये. सतरा वर्सं तुह्या हुंकाऱ्यावर बेट उभं हाये. हा एक खोटा देल्ला तं मांगचे समदे खोटे." तिनं झोळीतला कापूस दाबला. "मले समजते वं, मी इसरून राह्यली. आंधी नावं गेली. आता वाटा जाऊन राह्यल्या. घराची वाट चुकली तं कोनी आनून सोडंन. बेटाची चुकली तं मी कुठं जाऊ?"

ताराबाईला या बाईचं फार वाटायचं, ते तिनं कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. चार बुकं शिकलेली माणसं तिनं पाहिली होती, उटनूरच्या ऑफिसात खुर्चीवर बसणारे वस्तीतले जावई पाहिले होते, पण एका हाताच्या गोंदणातून अख्खं गाव उभं करणारं माणूस तिनं हे एकच पाहिलं होतं. नवरा गेला त्या वर्षी ताराबाई दिवसभर त्या गोल गावात राहिली आणि संध्याकाळी फक्त झोपायला नाल्याकाठच्या घरी आली. तसं नसतं तर ती त्या वर्षातून निघालीच नसती. आणि आता त्याच बाईला द्यायला तिच्याजवळ एक खरा 'हं' नव्हता.

तीन दिवसांनी, सकाळी, न्याहारीच्या आधी, बयनाबाई आपल्या तासात एकदम उभी राहिली.

"देवाजी आला," ती म्हणाली.

बाया थांबल्या. "थोरलीवरचा दिवा पाहत पाहत आला. वल्ला हाये पुरा, काकडून राह्यला. त्याले घोंगडी द्या वं कोनी." आणि तिनं ताराबाईकडं पाहिलं. डोळ्यांत आठ वर्षांच्या पोरीचा उतावीळपणा होता. तिला हुंकारा हवा होता.

बेटावर देवाजी नावाचं माणूस असूच शकत नव्हतं. तिथली नावं वेगळी, आणि इथलं नाव तिथं न्यायचं नाही हा तर पहिल्या हंगामातला हुंकारा. शिवाय हा देवाजी कोण? वस्तीत त्या नावाचं कुणी नव्हतं. खोटा 'हं' द्यायचा नाही, ते बयनाबाईनंच सांगितलं होतं. खरा कुठून आणायचा?

"आला नं?" बयनाबाईनं विचारलं. तिनं एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं. मग ती दोन तासांच्या मध्ये मटकन खाली बसली. गयाबाई आणि रुख्मिणीनं तिला धरून पळसाच्या सावलीत नेलं आणि पाणी पाजलं. ती पाणी प्यायली, आणि पुन्हा नदीच्या दिशेला बघत बसली.

उद्धवराव केव्हाच उठून उभे राहिले होते. साठीच्या पुढचं माणूस, अंगापिंडानं धिप्पाड, पण त्या वेळी त्यांना काठीचा आधार लागत होता. त्यांनी ताराबाईला धुऱ्याच्या पलीकडं बोलावलं.

"देवाजी म्हनली का ते?"

"हो पटेल. कोन हाये?"

"तिचा भाऊ." उद्धवरावांनी मान वळवली. "तिचं माहेर अन् माहं आजोळ एकच गाव, नदीकाठचं. मी सहा वर्सांचा असंन. पैनगंगा अशी चढली का गावाची नदीच झाली. गावाबाहेर एक टेकाड होतं, समदं गाव त्याच्यावर. पाटील, कुनबी, तुमच्या लोकायचे, समदे. तीन दिवस. चारी आंगानं पानी. एक हंडा कोनीतरी आनला होता, त्याच्यात ज्वारीच्या कन्या शिजवल्या, समद्यायनं खाल्ल्या. इस्तव एकच. त्याच्याभोवती गोल बसाचं, अन् एकजन शेकला का सरकाचं, म्हंजे दुसऱ्याले जागा होते. असं सरकत सरकत तीन दिवस काढले."

ताराबाई ऐकत होती. सरकत सरकत, हा शब्द तिच्या कानात अडकला.

"माही आजी घरात राहून गेल्ती," उद्धवराव म्हणाले. "कोनी जाले तयार होईना. देवाजी गेला. सतरा-अठरा वर्सांचं पोरगं. खांद्यावर घेऊन आला म्हातारीले. तिले ठेवलं अन् म्हने, अजून एक म्हातारा हाये तिकडे, आलोच. गेला तो गेला. बयना अन् तिच्या मायनं टेकाडावर दिवा लावला, त्याले वाट दिसाव म्हनून. तेल समद्यायनं देल्लं. तीन रात्री कोनी तो इझू नाई देल्ला."

"मंग?"

"मंग पानी ओसरलं. जो तो आपापल्या घरी. महिन्याभरात माही आजी बयनाच्या मायले वरून पानी वाढाले लागली, पयल्यासारखी. ज्याच्या खांद्यावर बसून आली त्याच्याच मायले." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "सतरा वर्सं मी या धुऱ्यावर बसून तेच टेकाड आयकून राह्यलो. तिले माहीत नसंन मी तिथं होतो म्हनून. मले सांगाची हिंमत नाई झाली. त्या दिवशी तू गप बसली तवा तरी बोलाले पायजे होतं."

"कोनत्या दिवशी?"

"नदी उलटी सांगतली तवा. खरं बोलून राह्यली होती ते. गावातून जो नाला नदीले मिळे, तो त्या दिवशी उलटा वाहला. नदीचं पानी त्याच्यात घुसलं अन् गावातून वरतं माळाकडे गेलं. मी पाहलं नं डोळ्यानं."

ताराबाई जागच्या जागी उभी राहिली. नाला उलटा वाहतो. पैनगंगा चढली की हिवरधऱ्याचा नालाही उलटा वाहतो, दर दोन-तीन वर्षांनी, तिच्या स्वतःच्या दारासमोरून. वस्तीतल्या शेवटच्या घरातली बाई ती. ते पाणी वर जाताना तिच्याइतकं कुणी पाहिलं नसेल. आणि तिनंच गप्प बसून म्हातारीला खोटं पाडलं होतं. सतरा वर्षं ती बयनाबाईच्या चुका धरत आली, आणि एकदाच जी चूक धरली नाही ती तिची स्वतःची होती. तिला इतकी लाज वाटली की उद्धवरावांसमोरच तिनं पदरानं डोळे पुसले.

"तुमी या शेतात," ती म्हणाली. "धुऱ्यावर नका बसू. या."

उद्धवरावांनी आयुष्यात बायांच्या पातीत पाय ठेवला नव्हता. पण ते आले.

दुपारी बयनाबाई उठली. काम अर्धवट टाकून सावलीत बसणं तिला जमणारं नव्हतं. ताराबाईनं तिला मधलं तास दिलं आणि आपण शेजारचं घेतलं. उद्धवराव दोन तासं सोडून उभे, हातात काय धरावं ते न कळून त्यांनी एक बोंड धरलं होतं. ताराबाईनं आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मावशी, माह्याजवळ तुह्या एका हुंकाऱ्याचं देनं राह्यलं होतं. शेवंती गावातून वरतं टेकड्याइकडे गेली. एकच दिवस गेली, समुद्र चढला त्या दिवशी. माह्या दारचा नालाबी तसाच जाते. हा भिकेचा नाई. हं."

बयनाबाईनं मान वर केली. तिनं डावा हात पदराखालून काढला, त्या रेघेवरून बोट मनगटाकडून कोपराकडं नेलं, आणि तिच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"आज मी सांगते," ताराबाई म्हणाली. "तू हुंकारा दे."

गयाबाईच्या तोंडून त्या दिवशी शब्द निघाला नाही, ही त्या हंगामातली दुसरी नवलाची गोष्ट. ताराबाईला गोष्ट सांगायची सवय नव्हती. तिचा आवाज खरखरीत, आणि ती प्रत्येक वाक्यानंतर थांबायची, जणू स्वतःवरच नजर ठेवून होती.

"समुद्र चढला त्या दिवशी एक जन पान्यात होता. एका म्हातारीले खांद्यावर घेऊन त्यानं काठाले लावलं होतं अन् दुसऱ्यासाठी फिरला होता."

"हं," बयनाबाई म्हणाली. आवाज बारीक होता, पण होता.

"त्याले वाट सापडेना. लय वर्सं झाली. पन थोरलीवर दिवा होता. समद्या गावाचं तेल होतं त्याच्यात. एकाही दिवशी तो कोनी इझू देल्ला नाई."

"हं."

"तो दिवा पाहत पाहत तो आला. वल्ला. गाव गोल बसलं होतं इस्तवाभोवती. बेटावर इथलं नाव चालत नाई, म्हनून त्याले नवं नाव पायजे होतं. जो पयला शब्द बोलंन तेच नाव. तो काकडत उभा राह्यला अन् म्हने, सरका. अन् समदं गाव एक घर सरकलं. ज्या म्हातारीले त्यानं आनलं होतं ते सगळ्यात आंधी सरकली. जागा झाली. त्याले घोंगडी देल्ली, हंड्यातलं देल्लं, जे समदे खाऊन राह्यले होते तेच. बेटावर आता सरका नावाचा मानूस हाये."

"हं," बयनाबाई म्हणाली. या वेळी मोठ्यानं. दोन तासं पलीकडं उद्धवरावांनी ते एकच बोंड अजून हातात धरलं होतं आणि ते उघड उघड रडत होते. रुख्मिणी वेचायची थांबली होती. ताराबाईलाही भरून आलं, आणि आता हे नीट संपवावं, तडीस न्यावं, म्हणून ती घाईनं म्हणाली, "यायचा होता तो आला. मंग गावानं थोरलीवरचा दिवा इझवला."

हुंकारा आला नाही.

ताराबाईनं वाट पाहिली. बयनाबाईचे हात चालू होते, एक बोंड, दुसरं बोंड, पण ओठ मिटलेले. झालं, ताराबाईला वाटलं, पुन्हा गेली, इतकं सांगितलं आणि वाट पुन्हा चुकली. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. तिनं भीतभीत विचारलं, "का झालं मावशी?"

बयनाबाईनं तिच्याकडं पाहिलं. नजर स्वच्छ होती, नाला उलटा वाहताना पाहिलेल्या माणसाची, आणि त्यात जुना, चूक धरल्याचा मिस्किलपणाही होता.

"दिवा काऊन इझवतं वं तारे?" ती म्हणाली. "मी अजून पोचाची हाये नं."

ताराबाईनं झोळी सावरली, एक बोंड वेचलं, आणि नियमाप्रमाणं मागं जाऊन पुन्हा सांगितलं.

"गावानं दिव्यात तेल घातलं."

"हं," बयनाबाई म्हणाली, आणि पुढच्या बोंडाला हात घातला.